आफ्रिकाविद्या आणि आम्ही

आफ्रिका खंडाविषयी आमच्या विद्यापीठांत संशोधन होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिल्ली विद्यापीठात १९५५ साली या विषयाचा विभाग निघाला, मुंबई विद्यापीठात १९७१ साली आफ्रिका-अध्ययन केंद्र स्थापन झाले. परंतु हे काम ज्या क्षेत्र-अध्ययनाच्या साच्यात बसविले गेले, त्याची दृष्टी आरंभापासून मुख्यत्वे परराष्ट्र खात्याची असल्याने, व्यापार, मुत्सद्देगिरी आणि तिकडील भारतीय वंशीयांचे प्रश्न यांच्या गर्दीत आफ्रिकी समाज स्वतःविषयी काय विचार करतो ही पृच्छा सहसा मागेच पडत आली, असे आमचे मत आहे.

या पृच्छेचा आग्रह धरणाऱ्यांतले अग्रगण्य पंडित महमूद ममदानी १९४६ साली मुंबईतच जन्मले आणि कंपालात वाढले. २०१० साली तिथल्याच मकेरेरे विद्यापीठातील सामाजिक संशोधन संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी नेमका रोग हेरला: देणगीदारांच्या फर्माइशीवरून सल्ल्याचे अहवाल लिहिण्यात विद्वान गुंतलेले, प्रश्न परदेशी ठरलेले, माहिती तेवढी स्थानिकांनी जमवावयाची आणि सिद्धांत पुन्हा परदेशीच बनावयाचा. उपाय म्हणून त्यांनी पाठ्यक्रमासहित पीएच.डी. सुरू केली. पुढे त्यांच्या कारभारावरून संस्थेत पुष्कळ कलह माजला, हेही खरे. पण निदान चुकले होते असे त्यावरून ठरत नाही.

आमच्याकडे सामग्रीची वाण नाही. खडकी वसवून तेथे नहर आणणाऱ्या आणि जमीनधाऱ्याचा बंदोबस्त लावून देणाऱ्या मलिक अंबराचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र हबशाणातून येताना त्याने काय बरोबर आणले हे सांगणे दुर्घट आहे, आणि नुसत्या गौरवाने ते सुलभ होणार नाही. त्याहून बोलकी गोष्ट नाशिकजवळच्या शरणपूरची. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे मिशनच्या आश्रयाला ठेवून त्यांना अक्षरे आणि कसब शिकवीत. त्यांतला जेकब वेनराइट १८७३ साली आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या वेळी चितांबोच्या गावी हजर होता. झाडाच्या खोडावर मृत्युलेख त्याने कोरला, दफनाच्या प्रार्थना त्याने वाचल्या, शवाबरोबर तो समुद्रकिनाऱ्यापर्यंत महिनोन्‌महिने चालला आणि रोजनिशीही त्याने लिहिली. तरी इतिहासाने त्याला विश्वासू चाकर म्हणून आठवणीत ठेवले. लेखक म्हणून त्याची दखल घ्यावयास फार विलंब लागला. त्याचे काही सोबती पुढे मोम्बासाजवळच्या फ्रिअरटाउनात शिक्षक व धर्मोपदेशक झाले आणि ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले गेले. ते गावच मुळी मुंबईच्या एका माजी गव्हर्नराच्या नावाचे.

आजची अवस्था पाहावयास दूर जावयास नको. भाईंदरच्या ज्या केबिन रोडवर आम्ही राहतो, त्या परिसरात आफ्रिकी माणसे दृष्टीस पडतात. घरे भाड्याने लावून देणाऱ्या दलालाच्या दुकानात त्यांच्याविषयीचे सांगोवांगी ‘ज्ञान’ चहाबरोबर फुकट मिळते, आणि वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख यावयाचा तो बहुधा पोलीस-वृत्तात. त्यांच्याच तोंडून भाईंदरचे वर्णन लिहून घेणारा प्रबंध अद्याप आमच्या वाचनात आलेला नाही.

मोम्बासाच्या वा मकेरेरेच्या अभ्यासकाने शरणपुरास येऊन स्वतःचे प्रश्न मांडावेत, आणि ते प्रश्न घेऊन आमच्या विद्यार्थ्याने मिशनचे दप्तर चाळावे व आपल्या प्रबंधाचा मसुदा आधी त्या अभ्यासकाकडे धाडावा, एवढे जरी घडले तरी आरंभ होईल. मार्गदर्शक कोणास म्हणावे, हा पेच कुलसचिवांनी नियमावली उघडून सोडवावा.