केतकरांचे एक वाक्य आणि परदेशातील जात

श्रीधर व्यंकटेश केतकर मराठी वाचकाला ज्ञानकोशकार म्हणून ठाऊक आहेत. अमेरिकेत शिकत असताना १९०९ साली त्यांनी जातिसंस्थेवर इंग्रजीत एक पुस्तक काढले. हिंदू जगभर पसरले तर जात हा जगाचा प्रश्न होईल, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी ते उद्धृत केले. त्यामुळे आज ते वाक्य केतकरांच्या द्रष्टेपणाचा दाखला म्हणून पुढे केले जाते. मला ते अपुरे वाटते.

केतकरांची काळजी कोणती? हिंदू परक्यांशी रोटीबेटी करणार नाहीत, ही. म्हणजे त्या वाक्यात एका बाजूला अखंड हिंदू आणि दुसऱ्या बाजूला परका. त्या अखंडातला अस्पृश्य कुठे आहे? बोटीत त्याला जागाच नाही. बाबासाहेबांनी वाक्य घेतले, पण मुळाशी गेले ते स्वतःच्या वाटेने. जातीचे मर्म त्यांनी जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा तिथूनच केला. सोयरीक जिथे जाईल तिथे जात जाणार, हे त्यातून उघड होते. समुद्र ओलांडला की जात बुडते म्हणून प्रायश्चित्ते घेणाऱ्या समाजाची भीती किती फोल होती!

२०२० च्या जूनमध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. दलित अभियंत्याला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरील दावा खात्याने मागे घेतला, कंपनीवरील ठेवला. मला महत्त्वाचे वाटते ते आरोपातले एक कलम : हा गडी आयआयटीत राखीव जागेवरून आला, हे वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले. इथे परका कोणीच नाही. सगळे आपलेच.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगरपरिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदावर बंदी घातली. अमेरिकेतले असे ते पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, ब्राह्मण घरातल्या. हे नमूद केलेच पाहिजे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक ७ ऑक्टोबरला गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारले. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, हे त्यांचे कारण. हे कारण आपण गावात ऐकलेले नाही काय?

मी वाचलेल्या परदेशस्थ मराठी लेखनात गोऱ्या घरमालकाने केलेला अपमान भेटतो, गणपती भेटतो, पुरणपोळीची आठवण भेटते. आडनाव विचारून झाल्यावर गाव विचारणारा मराठी माणूस मात्र भेटत नाही. आमच्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात बैलाचे दात बघतात. ते निदान उघड्यावर. पांढरपेशा प्रवासवर्णनाने ही तपासणी कधी नोंदलीच नाही, कारण लिहिणारा तपासणाऱ्यांच्या रांगेत उभा होता.

माझ्या वर्गातली मुले परदेश शिष्यवृत्तीची चौकशी करतात. राज्य सरकार अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दर वर्षी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती देते. "सर, तिकडं कोण जात विचारतंय?" असे ती म्हणतात. मी त्यांना जाऊ नका म्हणत नाही. केतकरांच्या वाक्याआधी बाबासाहेबांचा तो निबंध वाचायला देतो, आणि तिथून जे दिसेल ते मराठीत लिहून पाठवा म्हणतो.