कातडे कुणाचे?

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात मी किपलिंगची ‘टायगर! टायगर!’ ही कथा सांगत होतो. ‘द जंगल बुक’ हे पुस्तक १८९४ सालचे. कथा घडते ती शेजारच्या सिवनीच्या रानात. आणि वैनगंगेच्या ज्या घळीत शेरखान मरतो, ती वैनगंगा तर आपल्या बालाघाटवरूनच वाहते. मोगली रामा नावाच्या रेड्यावर बसतो, कळपाचे दोन भाग करून वाघाला मधे कोंडतो आणि तुडवून मारतो. वर्ग खूष झाला. मागच्या बाकावर रोज सकाळी म्हशी सोडून शाळेत येणारा एक मुलगा बसत असे. तो उभा राहून म्हणाला, “सर, भैंसें किसकी थीं?”

मी म्हणालो, “गावाची.” “और कोई मर जाती तो?” यावर मला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन कथा पुन्हा वाचली. उत्तर तेथेच होते. कळप उधळल्याचे कळताच बलदेव शिकारी मोगलीला रागे भरायला निघतो. पण वाघ पाहताच त्याचा सूर पालटतो. कळपाचा अपराध माफ. कातडे मात्र त्याला हवे, कारण कान्हीवाड्याला त्याचे शंभर रुपये बक्षीस मिळणार असते. त्यातला एखादा रुपया पोराला देण्याचे औदार्यही तो दाखवतो! ज्या म्हशींवर गाव जगतो, त्या कातड्यापुढे क्षणात बिनमोल ठरतात. मोगलीच्या पराक्रमाहून मला किपलिंगची ही नजर मोठी वाटते.

याच्याशेजारी जॉन विल्यम्स यांची ‘बुचर्स क्रॉसिंग’ (१९६०) ही अमेरिकन कादंबरी ठेवून पाहावी. काळ १८७० च्या दशकाचा. निसर्गात स्वतःला शोधायला निघालेला विल अँड्रूज हा शिकलेला तरुण स्वतःचा पैसा घालून मिलर या शिकाऱ्याबरोबर कोलोराडोच्या दरीत जातो. तेथे हजारो जनावरे पडतात. गाडीत मावणार नाहीत इतकी कातडी झाली तरी मिलरची बंदूक थांबत नाही. बर्फ त्यांना हिवाळाभर अडकवते. परतताना गाडीभर माल नदीत जातो, एक सोबती मरतो. आणि गावी पोचल्यावर कळते की कातड्यांचा बाजारच बसला आहे. शिकारकथेतला विजय लेखकाने असा मुळापासून उपटला आहे.

एक गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी. अमेरिकनांचा हा ‘बफेलो’ म्हणजे आपली म्हैस नव्हे. ते जनावर बायसन. उलट आपल्या कान्हाच्या गव्याला साहेब शिकारी ‘बायसन’ म्हणत. बंदूकवाल्याने दोन्हीकडे जनावराला परके नाव दिले!

तरी विल्यम्सबद्दल माझी एक तक्रार आहे. त्या कळपांवर ज्या मूळ रहिवाशांचे सारे जीवन उभे होते, ते कादंबरीत वाटेवर पुसटसे दिसतात एवढेच. किपलिंगच्या पुढच्या मोगलीकथेतही गोंड शिकारी क्षणभर येऊन जातो. अमेरिकेत काही कोटी बायसनांचे १८८० च्या दशकाअखेर जेमतेम हजार उरले, तेव्हा कुणाचे काय गेले, हे शिकाऱ्याच्या खांद्यावरून पाहणाऱ्या कथेत कळत नाही. गोंड आणि बैगा ज्या जिल्ह्यात आपल्या शेजारी राहतात, तेथील वाचकाला तरी ही उणीव जाणवावी.

२०११ साली कान्हाचे गवे बांधवगडला नेऊन सोडले, कारण तेथे ते उरले नव्हते. मारून संपवणे आणि पुन्हा आणून वसवणे यांच्या मधली कथा अजून लिहायची आहे. ती शिकाऱ्याने नव्हे, ढोरक्याने सांगावी असे मला वाटते.

तो मुलगा शाळा सोडून केव्हाच गेला. माझे उत्तर त्याला मिळाले नाही. या दिवाळीत घरच्या मुलांना मोगली वाचून दाखवाल तेव्हा, हिंदीत किंवा मराठीत, त्याचा प्रश्न मात्र जरूर विचारा.