‘बेसिक’ म्हणजे किमान नव्हे

शिक्षकांच्या खोलीत ‘बेसिक’ हा शब्द रोज कानावर पडतो. पगारपत्रकात बेसिक म्हणजे मूळ वेतन. ‘मुलांचं बेसिकच कच्चं आहे’ म्हणताना मागच्या इयत्तांचा अभ्यास अभिप्रेत असतो. रसायनशास्त्राच्या तासाला मात्र बेसिक द्रावण म्हणजे साधे द्रावण नव्हे, तर आम्लारिधर्मी द्रावण. हा फरक सांगितला नाही, तर विद्यार्थ्याचा घोटाळा ठरलेलाच.

या शब्दाचे मूळ ग्रीक ‘बासिस’मध्ये आहे. त्याचा अर्थ पाऊल टाकणे, आणि मग पाऊल जिथे टेकते ती जागा. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘गति’शी जोडतात. आपल्या ‘पाया’तही ‘पाय’ आहेच. रसायनशास्त्रात ‘बेस’ ही संज्ञा रूएल या फ्रेंच रसायनज्ञाने 1754 मध्ये रूढ केली. आम्लाशी संयोग पावून त्याला क्षाराचे घनरूप देणारा, म्हणजे क्षाराला बैठक देणारा पदार्थ, अशी त्याची कल्पना होती. ‘बेसिक’ हे विशेषण इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात आले, तेही प्रथम रसायनशास्त्रातच.

आता वर्ध्याकडे वळू. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि केंद्रस्थानी एक उत्पादक हस्तोद्योग, अशी योजना तेथे पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन समितीने तिला आकार दिला. इंग्रजीत ती ‘बेसिक एज्युकेशन’, हिंदुस्थानीत ‘बुनियादी तालीम’, तर मराठीत ‘मूलोद्योग शिक्षण’ झाली.

तिन्ही नावांत मराठी नाव आम्हाला अधिक नेमके वाटते. पाया कशाचा, हे त्यात सांगितले आहे. सुताचा अंक काढताना लांबी व वजन यांचे गुणोत्तर येते, कापसाच्या शेतातून माती आणि हवामान येते. उद्योग हा ज्ञानाचा पाया, हा येथील अर्थ. इंग्रजी नावात हे दिसत नाही. त्यामुळे ‘बेसिक’ म्हणजे किमान, गरिबांपुरते, असा समज व्हायला वाव राहिला.

अर्थात सगळा दोष शब्दावर ढकलता येणार नाही. उद्योगाच्या उत्पन्नावर भर देताना शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका आहे, असा इशारा समितीच्या अहवालातच होता. टकळी फिरली पण प्रश्न पडला नाही, तर ते शिक्षण नव्हे, नुसती मजुरी.

आज ‘बेसिक पक्के करा’ म्हणताना आपण पाढे आणि व्याख्या घोकून घेतो. पाढे हवेतच. पण ज्यावर उभे राहून पुढचे पाऊल टाकता येत नाही, त्याला पाया कसे म्हणावे? म्हणून ‘बेसिक कच्चं आहे’ असा शेरा मारण्यापूर्वी नेमके काय कच्चे आहे, तेवढे आपण लिहावे. उपाय तिथूनच सुरू होतो.