कातलेलं लाकूड, कातलेलं सूत

मराठीत ‘कातणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कापसाचं सूत काततात, आणि लेथवर लाकूडही काततात. जुन्या वाड्यांतले गुळगुळीत गोल खांब ‘कातीव’ असतात, ते करणारा ‘कातारी’. यो-यो या खेळण्यात हे दोन्ही अर्थ भेटतात. कातलेल्या लाकडाच्या दोन चकत्या, मध्ये आस, आणि आसाभोवती कातलेलं सूत.

यो-योच्या जगात ‘सिग्नेचर’ मॉडेलला मान असतो. एखादा नावाजलेला खेळाडू कंपनीबरोबर वजन, रुंदी, कडेचा उतार ठरवतो आणि यो-योवर त्याचं नाव येतं. त्याला ‘जुन्या कारागिरीची प्रेरणा’ असं बिरूद जोडलं की वस्तू आणखी भारी वाटते. समजा, उद्या कुणी लालबाग-परळच्या वारशावरून असा यो-यो करायला घेतला. त्याला आपण चांगला कधी म्हणायचं?

वारसा विकायची रेसिपी आपल्याला पाठ आहे. गिरणीची चिमणी, काळीपिवळी टॅक्सी, बेस्टची लाल बस, चाळीचा जिना. हीच चित्रं मगवर, कीचेनवर, टी-शर्टवर येतात, ती यो-योवरही येतील. अशा वस्तूसाठी माझी कसोटी साधी आहे. चित्र खरवडून काढा. खाली उरलेल्या वस्तूत भूतकाळाचं काही शिल्लक राहतं का? नसेल, तर तो वारसा फक्त स्टिकरपुरता होता.

या कसोटीला सावंतवाडीचा दाखला आडवा येतो, आणि तो टाळता येत नाही. गिरणगावात कोकणातून आलेल्यांची वस्ती मोठी. गावाहून परतताना चाकरमान्यांच्या सामानात सावंतवाडीची लाकडी फळं, भातुकली, भोवरे असत. त्याच सावंतवाडीत गंजिफा संपत आल्या होत्या. दशावतारी गंजिफेच्या एका संचात हातानं रंगवलेली १२० पानं, आणि खेळणारे उरले नव्हते. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली. गंजिफेची चित्रं पुढे डब्यांवर, तबकांवरही आली. म्हणजे चित्र दुसऱ्या वस्तूवर चढवल्यामुळे तिथे चिताऱ्याच्या हाताला काम मिळालं.

मग चिमणीच्या चित्राला नावं का ठेवायची? कारण चिताऱ्याची कारागिरी पृष्ठभागावरच असते, त्याचं चित्र कुठेही गेलं तरी ते त्याचंच काम. कातारी काम करतो ते आकारात. त्याच्या कलेपासून प्रेरणा घेतली असं म्हणायचं आणि आकार कारखान्याच्या साच्यातून काढायचा, तर प्रेरणेत तो कुठेच नाही.

यो-योचा इतिहासही आकाराचा आणि दोरीचा आहे. बर्लिनमधल्या एका ग्रीक पात्रावर, इसवी सनापूर्वी ४४०च्या आसपासच्या, दोरीला चकती लावून खेळणारा मुलगा आहे. आपल्याकडे साधारण १७७०च्या, बुंदी किंवा कोटा शैलीतल्या एका चित्रात एक स्त्री हेच खेळणं खेळते आहे. पुढे १९२८मध्ये पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसानं कॅलिफोर्नियात यो-यो बनवायला सुरुवात केली. त्याच्या यो-योची दोरी आसाला गाठ मारून बांधलेली नव्हती. दुहेरी पिळाच्या दोरीचा फास आसाभोवती सैल बसवलेला होता. गाठ असली की चकती खाली जाते आणि वर येते, एवढंच. सैल फासात ती तळाशी जागच्या जागी फिरत राहते. खेळाडूंच्या भाषेत ती ‘झोपते’. यो-योचे पुढचे बहुतेक खेळ या झोपेच्या काही सेकंदांत घडतात.

नावाचं काय झालं, ते इथे बघण्यासारखं आहे. फ्लोरेसचा धंदा डंकन कंपनीकडे गेला आणि ‘यो-यो’ या शब्दावर कंपनीनं मालकी सांगितली. १९६५मध्ये अमेरिकेतल्या कोर्टानं हा शब्द सर्वांचा आहे, असा निकाल दिला. पण त्याआधीच्या दशकांत याच कंपनीचे फिलिपिनो खेळाडू दुकानांसमोर करामती दाखवत आणि मुलांच्या लाकडी यो-योवर चाकूनं नक्षी कोरून देत. नारळाचं झाड, पक्षी, आणि त्या मुलाचं नाव. यो-योवरची जुनी सही ही अशी होती. ज्याच्या हातात खेळणं, त्याचं नाव त्यावर.

आजच्या सहीत ते मूल नाही, आणि कातारी तर आधीही नव्हता. गिरणगावाला ही गोष्ट नवी नाही. कापडाच्या तागावर गिरणीचा छाप असे, साचेवाल्याचं नाव कुठेच नसे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख माणसं कामाबाहेर उभी राहिली, आणि त्यांनी विणलेल्या वारभर कापडावरही त्यांची ओळख नव्हती. त्याच लालबागमध्ये एक उलटं उदाहरणही आहे. राजाची मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या कांबळी कुटुंब घडवतं, हे रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही ठाऊक असतं. घडवणाऱ्याचं नाव घेतलं म्हणून मूर्तीचं मोल कमी होत नाही.

तेव्हा चांगला गिरणगावी यो-यो कसा असेल? लाकडाचा, लेथवर कातलेला. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते, तेवढाच त्याचा रंग. सूत सुती, आणि मुलाच्या बेंबीपर्यंतच्या उंचीला कापून घ्यायचं. खेळाडूंचा हा जुना नियम आहे, आणि त्यामुळे प्रत्येक यो-यो एकाच अंगाच्या मापाचा होतो. आत कातारी स्वतःचं नाव लिहील. बाहेरची एक बाजू कोरी राहील, मुलाच्या नावासाठी.

याला तोटेही आहेत. लाकडाच्या दोन चकत्यांचं वजन तंतोतंत जुळणं अवघड, म्हणून तो थोडा डुगडुगेल. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगेल. बॉल बेअरिंगच्या ॲल्युमिनियमच्या यो-योइतका वेळ तो झोपणार नाही, स्पर्धेत हरेल. डिझायनरनं हे झाकू नये. हातात आपोआप परत येणारा, झीज दाखवणारा, सूत बदललं की पुन्हा चालणारा यो-यो वेगळ्या कामासाठी आहे. स्पर्धेतले बहुतेक यो-यो तर नुसत्या झटक्यानं परतही येत नाहीत, दोरीचा वेढा घालून त्यांना बोलवावं लागतं.

पुढच्या वेळी स्क्रीनवर ‘वारशापासून प्रेरित, मर्यादित आवृत्ती’ असं काही दिसलं, तर किंमत बघण्याआधी वस्तूचं वर्णन शेवटपर्यंत वाचा. कातणाऱ्याचं नाव सापडतं का, ते शोधा.