निवडीनंतरची पाने

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) विमान सुटते तिथे संपतो. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर बेतलेल्या या चित्रपटात झोपडपट्टीतली पोरे फुटबॉल शिकतात, पासपोर्टसाठी कागद गोळा करतात आणि परदेशी स्पर्धेला निघतात. कागदांसाठीची वणवण सामन्याइतक्याच बारकाईने दाखवली, हे या चित्रपटाचे बळ. मात्र बेघरांच्या विश्वचषकात खेळाडूला आयुष्यात एकदाच उतरता येते. परत आल्यावर या पोरांनी खेळाडू म्हणून काय करायचे, हा प्रश्न पडद्याबाहेर राहतो.

आपल्या क्रीडालेखनाचीही बहुतेक हीच रीत आहे. यशोगाथा निवडीच्या बातमीपाशी पुरी होते. कारकीर्द सुरू होते ती मात्र त्यानंतर.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे उदाहरण घेऊ. तालीम मंडळांच्या संघांवर पोसलेले हे फुटबॉलचे शहर. अनिकेतचा जन्म २००० सालचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे येत तो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांकडूनही भारत हरला. एक गोल केला, नऊ खाल्ले. यशोगाथा इथे थांबली, तर तो ‘विश्वचषक खेळलेला मुलगा’ एवढाच उरतो. पुढचा प्रवास इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा असा आहे. २०२१-२२ मध्ये हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता. संघांची ही यादी रुक्ष वाटते. पण व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य याच यादीत असते. प्रत्येक नावामागे एक करार, नवा प्रशिक्षक, नवे गाव आणि अकरांत जागा मिळवण्याची नवी झटापट.

असा मजकूर वाचायचा कसा? योहान क्रायफचे शेवटचे वर्ष पाहा. १९८३ मध्ये आयाक्सने नवा करार दिला नाही; तो थेट प्रतिस्पर्धी फेयेनूर्डकडे गेला आणि त्या हंगामात त्यांना लीग व चषक दोन्ही जिंकून दिले. तेव्हा तो सदतिशीत पोचला होता. करार वगळला, तर या हंगामाचा अर्थच लागत नाही.

आमच्या वाशिम जिल्ह्यात मैदानावरचा मुलगा तालुका, जिल्हा, विभाग अशी प्रमाणपत्रे फाइलीत जपतो. घरच्यांचे लक्ष सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणावर असते. यात त्यांचे काही चुकत नाही. प्रमाणपत्राचा भाव त्यांना ठाऊक आहे. खेळाच्या पेशाचा भाव त्यांना कळावा असे आपण लिहिलेलेच फार थोडे आहे. करार किती वर्षांचा असतो, दुखापत झाली तर पुढे काय, तिशीनंतर पोट कशावर चालते, हे खेळाडूच्या चरित्रात आले पाहिजे. त्यावाचून त्या मुलाने निवड करायची तरी कशाच्या आधारे?