नामनिर्देश आणि भूतकाळ : ‘स्मृतिचित्रे’ व ‘बलुतं’ यांविषयी एक टिपण

मराठी आत्मचरित्रांची चर्चा करताना समीक्षकांच्या लेखणीतून एक वाक्य वारंवार उतरते : लेखकाने आपल्या गतायुष्याशी समेट केला आहे. हे वाक्य प्रशंसेचे समजले जाते. त्याचा नेमका अर्थ मात्र क्वचितच तपासला जातो. समेट हा उभय पक्षांमधील व्यवहार होय. त्यास दोघांची संमती लागते आणि दोघांनाही काही ना काही सोडावे लागते. भूतकाळ हा असा पक्ष नव्हे. तो वाटाघाटीस येत नाही व आपल्या बाजूचे काही सोडतही नाही. तेव्हा ‘समेट केला’ याचा अर्थ सोसणाऱ्याने एकट्यानेच आपला दावा मागे घेतला, एवढाच उरतो. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ या लोकोक्तीतही हाच उपदेश आहे, आणि तो बहुधा ज्याचे काही गेलेले नसते तोच करतो.

प्रस्तुत लेखकानेही ‘स्मृतिचित्रे’ हा क्षमाशीलतेचा ग्रंथ म्हणून पदव्युत्तर वर्गात अनेक वर्षे शिकविला. एके दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, “लक्ष्मीबाईंनी क्षमा केली, हे ग्रंथात कोठे आहे?” मला तसे स्थळ दाखविता आले नाही. पुढील विवेचन हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यासाठी एकच भाषिक लक्षण निवडले आहे : ज्याच्याशी हिशेब बाकी आहे, त्याचा निर्देश निवेदक कोणत्या नावाने करतो?

लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) आठवणी १९३४ सालापासून भागशः ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांतील सोसण्याची यादी लहान नाही. वडिलांचे टोकाचे सोवळे, सासऱ्यांची कठोर वागणूक, पतीचे न सांगता घर सोडून जाणे आणि अखेर १८९५ साली मुंबईत झालेले त्यांचे धर्मांतर. त्यानंतरची वियोगाची वर्षे लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आधाराने काढली. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले. म्हणजे या आठवणी लिहिल्या जात होत्या त्या वेळी ज्यांच्याविषयी तक्रार करावयाची, ते उत्तर देण्यास हयात नव्हते.

या पतीचा निर्देश लक्ष्मीबाई ‘टिळक’ असा करतात. आज हे स्वाभाविक वाटेल. परंतु त्या पिढीच्या भाषाव्यवहारात त्याचे मोल वेगळे आहे. उखाण्याचा अपवाद सोडल्यास पत्नीने पतीचे नाव घेऊ नये, असा तेव्हाचा शिष्टाचार होता. ‘इकडून येणे झाले’, ‘तिकडे सांगितले’ यांसारख्या प्रयोगांत कर्ता दिशावाचक क्रियाविशेषणाच्या आड लपविला जातो आणि क्रियापद भाववाचक रूप घेते. व्याकरणदृष्ट्या अशा वाक्यात कोणी काहीच करीत नाही. सर्व काही केवळ ‘होते’. जेथे कर्ताच नाही तेथे कृतीची जबाबदारी कोणावर ठेवावयाची? आदराची ही भाषा अशा रीतीने तक्रारीची वाटही बुजविते.

‘टिळक’ हा शब्द वापरताच कर्ता वाक्यात परत येतो. टिळक गेले, टिळक रागावले, टिळकांनी पैसे देऊन टाकले, असे म्हणता येते. क्रियापद आदरार्थी बहुवचनातच राहते, म्हणून मर्यादा सुटत नाही. पण ज्याने जे केले ते त्याच्या नावावर जमा होते. लक्ष्मीबाईंचा प्रसिद्ध विनोदही या जमाखर्चावर उभा आहे. त्या टिळकांच्या लहरींना हसतात तितक्याच मोकळेपणाने स्वतःच्या भाबडेपणालाही हसतात. एकाच मापाने दोघांना मोजणारे हे हसू क्षमेहून निराळे आहे. क्षमेत क्षमा करणारा वरच्या पायरीवर उभा राहतो; येथे दोघेही एकाच ओट्यावर बसलेले आहेत.

यावर असा आक्षेप संभवतो की, टिळक हे विख्यात कवी व उपदेशक असल्याने लक्ष्मीबाईंनी लोकांच्या तोंडचे आडनाव उचलले, यापलीकडे त्यात अर्थ शोधू नये. परंतु न्यायमूर्ती रानडे टिळकांहून कमी विख्यात नव्हते. तरीही रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत पतीचा निर्देश आदराच्या आडवळणानेच येतो. तेव्हा प्रसिद्धी हे कारण पुरेसे नाही. रमाबाईंना साक्ष द्यावयाची होती, लक्ष्मीबाईंना हकिगत सांगावयाची होती. आणि हकिगतीला कर्ता लागतो.

दया पवार (१९३५–१९९६) यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. येथे प्रश्न अधिक बिकट आहे, कारण ज्याच्याशी हिशेब बाकी आहे तो निवेदक स्वतःच आहे. ग्रंथाची रचना सर्वांस परिचित आहे : दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यांस सांगतो. दोन्ही नावे एकाच माणसाची. एक जन्मनाव, दुसरे शिकलेल्या, नोकरदार, कवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचे. शूद्राचे नाव जुगुप्सादर्शक असावे, असे विधान मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ते मनात ठेवून पाहिल्यास नाव बदलणे हा केवळ वाङ्मयीन टोपणनावाचा हौशी प्रकार राहत नाही. ती एक सुटका ठरते. पण सुटलेल्या माणसाने मागे ठेवलेल्या नावाचे काय करावयाचे?

पवारांची निवड विचारार्ह आहे. दयाने दगडूविषयी सांगावे, असे त्यांनी केले नाही. तसे केले असते तर ग्रंथ यशस्वी माणसाने आपल्या बालपणाकडे टाकलेला दयार्द्र दृष्टिक्षेप ठरला असता. त्यांनी ‘मी’ हे सर्वनाम दगडूकडे दिले आणि दयाला श्रोत्याच्या जागी बसविले. ज्याची लाज वाटते तो बोलतो, आणि ज्याला लाज वाटते त्याला निमूटपणे ऐकावे लागते. गावकीची कामे, कावाखान्यातील वस्ती, आईचे कष्ट हे तर दगडू सांगतोच. पण पत्नीवर घेतलेला संशय आणि तिची झालेली ताटातूट हेही तोच सांगतो. अन्याय सोसलेला माणूस येथे अन्याय केलेल्या माणसाहून वेगळा काढता येत नाही. म्हणूनच या ग्रंथाच्या संदर्भात ‘समेट’ हा शब्द विशेष अपुरा पडतो. पत्नीच्या वतीने तडजोड करण्याचा अधिकार दगडूलाही नाही आणि दयालाही नाही. बलुते म्हणजे गावकामगारास पिकातून मिळणारा वंशपरंपरागत वाटा. ग्रंथनामाचा अर्थ या अंगाने घेतल्यास भूतकाळ हा वाट्याला आलेला आहे. तो मागितलेला नाही, आणि परतही करता येत नाही.

दोन्ही ग्रंथ एकत्र ठेवले असता असे दिसते की, लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याला नाव देऊन त्याची जबाबदारी त्याच्याकडे सोपविली आणि मगच त्याच्यावर माया केली. पवारांनी स्वतःच्या टाकलेल्या नावाला वाचा दिली. शांतता त्यांना लाभली असे म्हणता येत नाही, पण ऐकण्याचे काम पुरे झाले. मराठीत भांडण ‘मिटते’ आणि डोळेही ‘मिटतात’. गतायुष्याशी समेट केल्याची प्रशस्ती देताना आपण समीक्षक या दोन अर्थांची गल्लत करीत आलो आहोत. या दोन्ही लेखकांनी डोळे मिटलेले नाहीत. त्यांच्या ग्रंथांपुढे आपण तो शब्द जपून वापरावा, आणि दावा मागे घेण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये.