ढोलकीच्या कानात टिकटिक नको

यंदाच्या जत्रांच्या हंगामात कराड-वाळव्याकडच्या गावांतून ‘बुगडी माझी सांडली गं’ इतक्या परींनी कापलेली, ताणलेली, ठेचलेली ऐकली की संताप आल्याशिवाय राहिला नाही. डॉल्बीच्या भिंती, खाली यंत्राचा सरळसोट ठोका आणि त्यावर चिकटवलेले आशा भोसल्यांच्या आवाजाचे तुकडे. ‘बुगडी’ संपली की पाळी ‘पिंजरा’ची. हे करणारे वर सांगतात की आम्ही जुनी लावणी नव्या पिढीपर्यंत पोहोचवतो आहोत. हा दावा मला मुळातच अमान्य आहे. ‘बुगडी’चा चित्रपट ‘सांगत्ये ऐका’ आला १९५९ साली, ‘पिंजरा’ १९७२ साली. तेव्हापासून आजपर्यंत ही गाणी लग्नात, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजतच राहिली आहेत. त्यांना पोहोचवण्यासाठी कुणी मध्यस्थ लागला नाही. उलट या मध्यस्थांचाच संसार त्या गाण्यांवर चालला आहे.

मग ही गाणी टिकली कशामुळे? ‘जुनं ते सोनं’ हे उत्तर मला चालत नाही. त्याच वर्षांतली शेकडो गाणी कुणाला आठवतसुद्धा नाहीत. आठवणींचा जिव्हाळा म्हणावा, तर विशीतली मुलं ही गाणी ऐकतात, त्यांना कसल्या आठवणी? उत्तर त्या तबकड्यांच्या घडणीत आहे, आणि ती घडण बरीचशी आपल्या या मुलखातली आहे.

‘बुगडी’तली बाई साताऱ्याच्या वाटेवर आहे, हे तर पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण ती वाट रचणारे ग. दि. माडगूळकर माणदेशातले, शेटफळ्याला जन्मलेले आणि माडगूळ्याचे. गाणाऱ्या आशाबाईंचा जन्म सांगलीचा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू करणारा कवी चार वर्षांनी फडावरच्या बाईचा ठसका लिहितो, आणि दोन्हीकडे त्याची भाषा खोटी पडत नाही. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालला, त्यात हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांचा वाटा मोठाच. पण डोळ्यांसमोरून पडदा गेल्यावरही जे उरलं ते संगीतकार वसंत पवारांचं. सतारीवर हात बसलेला हा माणूस रागदारी जाणत होता आणि ढोलकीपुढे ती मिरवायची नाही हेही जाणत होता.

‘पिंजरा’चे राम कदम मिरजेचे. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, ज्या गावचे तंबोरे देशभरच्या मैफिलींत लागतात, त्या गावात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत हा संगीतकार वाढला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मिरजेच्या रस्त्यावर एका बाजूला किराणा घराण्याचा स्वर, दुसऱ्या बाजूला लग्नाच्या वरातीचा बँड आणि शेजारच्या कवलापुरात शिवा-संभांचा आणि पुढे काळू-बाळूंचा फड. वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव, वाटेगाव अण्णा भाऊ साठ्यांचं. वर वाईजवळच्या पसरणीतून शाहीर साबळे निघाले आणि खुद्द वाईत यमुनाबाई बसून, नुसत्या नजरेनं आणि बोटांनी, लावणीच्या एकाच ओळीचे अर्थ उलगडत राहिल्या. लोकसंगीत म्हणजे काय हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पठ्ठे बापूराव कुणाचे, हे सांगायला राम कदमांना कुणी सल्लागार नेमावा लागला नाही.

‘पिंजरा’ची तबकडी सलग ऐकावी. जगदीश खेबुडकरांच्या शब्दांत गवळण आहे, शृंगार आहे, सवाल टाकणारा नखरा आहे आणि सगळं उधळून गेल्यावरचं विष्णू वाघमारे यांच्या गळ्यातलं ‘कशी नशिबानं थट्टा आज मांडली’ आहे. तमाशाच्या एका अख्ख्या रात्रीचा चढउतार त्यात मावला आहे. उषा मंगेशकरांचा आवाज फडावरच्या बाईसारखा रुंद नाही, हे खरं. पण ‘मला इश्काची इंगळी डसली’त त्या शब्द असा चावून टाकतात की आवाजाची रुंदी मोजायचं भान राहत नाही.

आता ढोलकी. माझं सगळं म्हणणं शेवटी इथेच येऊन ठेपतं. फडावर एक लावणी अर्धा तास रंगते. ‘बुगडी’च्या काळच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू मात्र साडेतीन मिनिटांच्या आसपास संपायची. म्हणजे ढोलकीवाल्याला आपली सगळी करामत सुरुवातीच्या चार आवर्तनांत आणि कडव्यांमधल्या चिमूटभर जागेत बसवायची. शाईवरची कडक थाप आणि धुमेचा घुमारा यांचं भांडण तिथेच लावायचं आणि तिथेच मिटवायचं. त्यात गायिका, ढोलकी, तुणतुणं, झांज, व्हायोलिनं, क्लॅरिनेट सगळे एका खोलीत. कुणाचा आवाज पुढे आणि कुणाचा मागे, हे माणसांना माइकपासून जवळ-लांब उभं करून ठरायचं. एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्याच्या श्वासावर. गायिका शब्दावर थबकली की ढोलकी थबकते. ढोलकीनं उठान घेतलं की लय केसभर पुढे सरते आणि झीलकरी तिला ओढून समेवर आणतात. ही केसभर सरकणारी लय म्हणजेच लावणी. ती गाण्याला लावलेला दागिना नाही.

आणि म्हणूनच नव्या आवृत्त्या मला सहन होत नाहीत. जुन्या ध्वनिमुद्रणावर यंत्राचा ठोका थेट बसत नाही, कारण त्या गाण्याची लय पहिल्या ओळीत एक असते आणि शेवटच्या ओळीत दुसरी. मग संगणकावर एकेक मात्रा पकडून ताणायची, आवळायची आणि रांगेत उभी करायची. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एका माणसानं जाणूनबुजून पुढे टाकलेली थाप आज चूक म्हणून दुरुस्त केली जाते. यालाच ‘नवा साज’ म्हणतात!

बाकीच्या प्रवाहांवर शाई घालवावी असं मला वाटत नाही. शहरातल्या फ्यूजन बँडांना गोंधळ हवा असतो तो वेशभूषेपुरता. कॅसेटच्या काळात ‘गावरान’ म्हणून जे विकलं गेलं त्यात गावही नव्हतं आणि रानही. भावगीताची थोरवी मला मान्य आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.

सुलोचना चव्हाणांना मात्र यातून वगळता येणार नाही. मुंबईत वाढलेल्या या बाईंनी लावणीतली मराठी पती शामराव चव्हाणांकडून अक्षर न् अक्षर घोटून घेतली. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) असो वा ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), त्यांच्या गाण्यात ठसका आहे तो उच्चारातून आलेला. अंगावर पदर घेऊन, जागचं न हलता त्या लावणी गायच्या. लावणीला नाच लागतोच असं मानणाऱ्यांनी त्यांच्या तबकड्या डोळे मिटून ऐकाव्यात.

गावचा वादक आणि शहरी गाणं एकत्र बसवण्याचा असाच प्रयोग साता समुद्रापलीकडेही झाला. १९६८ साली लॉस एंजेलिसची बर्ड्स ही रॉक मंडळी नॅशव्हिलला गेली आणि ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या तबकडीसाठी तिथल्या लॉइड ग्रीनसारख्या मुरलेल्या पेडल स्टील वादकाला त्यांनी आपल्यात बसवून घेतलं. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही, आज मात्र कंट्री-रॉकचा उगम सांगताना तिचं नाव पहिल्या काहींत घेतात. शहराच्या माणसानं गावच्या वादकाला एका खोलीत बरोबरीनं बसवलं, हे दोन्हीकडचं साम्य मला दिसतं. गावच्या वादकाचा नमुना घेऊन त्याला घरी धाडलं नाही.

अजय-अतुल यांच्याकडे म्हणूनच अधिक कडकपणे पाहायला हवं, कारण त्यांना हे कळतं. ‘नटरंग’ (२०१०) हा या परंपरेतला अलीकडचा खराखुरा ठेवा आहे. तिथे ढोलकी गाणं चालवते, वाद्यमेळ तिच्या मागे चालतो. ‘सैराट’साठी (२०१६) अमेरिकेत जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला, त्याचं केवढं कौतुक झालं! ती गाणी मलाही आवडतात. पण त्या यशातून बाकीच्यांनी घेतला तो धडा चुकीचा: वाद्यं जितकी जास्त आणि जितक्या दुरून आणलेली, तितकं गाणं मोठं. त्यानंतरच्या चित्रपटांतल्या बहुतेक लावण्यांत ढोलकी सुरुवातीला दोन थापा देऊन ‘आम्ही मराठी’ एवढं सांगते आणि व्हायोलिनांच्या ढिगाऱ्याखाली गडप होते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. चित्रपटातल्या लावणीनंच फडावरच्या बायांचा गळा बाजूला सारला, गाणं मंगेशकरांच्या घरी नेलं, मग आता शुद्धतेची भाषा कशाला? पहिलं अगदी खरं आहे. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली २०१२ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास. त्यांच्या उमेदीच्या काळातलं ध्वनिमुद्रण किती थोडं आहे, या गोष्टीची लाज आपण सगळ्यांनीच बाळगायला हवी. पण शुद्धतेची भाषा मी करतच नाही. ‘पिंजरा’ कुठे शुद्ध आहे? कथा ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाशी नातं सांगणारी, दिग्दर्शक शांताराम, मास्तर झालेले डॉ. लागू साताऱ्यात जन्मलेले आणि पेशानं डॉक्टर. सगळा संकरच आहे. माझी मागणी चांगल्या संकराची आहे. १९५९ साली गायिकेचा गळा बदलला तरी ढोलकीचा हात फडावरच्या चालीचाच राहिला. आज तो हातही गेला, उरला त्याचा साठवून ठेवलेला ठोका.

तो हात अजून शिल्लक आहे, आणि सगळ्यात चीड येते ती याचीच. चैत्रात गावोगावच्या यात्रांना अजून फड येतात, हलगी-घुमकं-कैताळ वाजवणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यांना स्टुडिओत बोलावलं तर हेडफोनमध्ये टिकटिक लावून दोन मिनिटं वाजवून घेतात, पाकीट देतात आणि पुढची दहा गाणी त्या दोन मिनिटांवर उरकतात. नाव कुठे छापत नाहीत. निर्मात्यांनो, एक पूर्ण लावणी त्या फडाकडून करून घ्या. टिकटिक बंद करा, गायिकेला ढोलकीसमोर उभं करा, लय वाढली तर वाढू द्या, ढोलकीवाल्याचं नाव गायिकेच्या नावाशेजारी छापा आणि गाणं जितक्यांदा वाजेल तितक्यांदा त्याला त्याचा वाटा द्या. मूळ ‘बुगडी’ आणि मूळ ‘पिंजरा’ ज्या कंपन्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी ती स्वच्छ करून, एक मात्राही न हलवता बाजारात आणावीत. आणि जत्रा कमिट्यांनी डॉल्बीवर होणाऱ्या खर्चातला निम्मा तरी फडाच्या सुपारीकडे वळवावा.